बोईसरची मंडळी

थंडीत दोन दिवस कुठेतरी जाऊन यावं, ही हौस माझी. ह्यांची नव्हे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं त्यानंतर आमच्या घरात कितीतरी दिवस एकच विषय निघत राहिला, ही टूम काढली कुणी.

तेव्हा आम्ही बोईसरला कंपनीच्या क्वार्टर्समध्ये राहत होतो. हे रंगाच्या कारखान्यात लॅबमध्ये होते. लग्नाला तीन वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं, त्यामुळे सुट्टी आली की गावी जायचं हे ठरलेलंच. मुरब्याच्या अलीकडे आमचं गाव, तिथे सासऱ्यांची चिकूची वाडी. आम्ही पोचलो की सासूबाई चहा व्हायच्या आत माझ्या हातात टोपली द्यायच्या. त्या वाईट नव्हत्या. त्यांच्या लेखी सुट्टी म्हणजे कामाला दोन हात जास्त, एवढंच. मला मात्र एकदा तरी नवऱ्याबरोबर, कुणाच्या झाडांना पाणी न लावता, नुसतं फिरायचं होतं.

कुठे जायचं ते ह्यांनी ठरवलं. नाशिककडे द्राक्षांपासून वाईन करायचा एक कारखाना निघाल्याची बातमी त्यांनी पेपरात वाचली होती. हे सुपारीच्या खांडालाही शिवत नसत, पण आंबवण्याच्या टाक्या कशा असतात, साखरेची दारू होताना तापमान किती ठेवतात, हे बघायची त्यांना फार उत्सुकता. जेवताना मला समजावून सांगायचे. मला त्यातलं निम्मं कळायचं नाही, पण द्राक्षांचे मांडव आणि गुलाबी थंडी एवढं कळत होतं आणि तेवढं मला पुरे होतं. सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "दारूच बघायची तर आपली ताडाची झाडं काय कमी हायत? त्याला नाशिकला कशाला जावा लागतं?" मग हसल्या आणि धाकट्या दिरालाही बरोबर न्या म्हणाल्या, त्याची पण सुट्टी होती. दीर तारापूरच्या बाजूला फिटर होता, अबोल, लग्नाचा. मला तिघांनी जायचं फारसं मनात नव्हतं, पण नाही कशी म्हणणार.

सव्वीस जानेवारीला जोडून साप्ताहिक सुट्टी येत होती. एसटी बोईसरहून थेट होती. अडचण होती ती राहायची. लॉजमध्ये दोन खोल्या घेणं आम्हाला झेपणारं नव्हतं, आणि इथेच मी जरा हलकी वागले. आमच्या शेजारणीचं माहेर नाशिकच्या पुढचं, द्राक्षबागाईतदारांचं. दर उन्हाळ्याच्या तोंडाला तिचा भाऊ द्राक्षांची पेटी पाठवायचा आणि ती प्रत्येक दारात एक एक घड द्यायची. "या की एकदा आमच्याकडे" असं ती सगळ्यांना म्हणायची, जसं सगळेच म्हणतात. मी चार दिवस तिच्या कानावर पडेल असं बोलत राहिले, नाशिकला जायचंय पण राहायचं जमत नाहीये, लॉज महाग आहेत, बहुतेक रद्दच करावं लागणार. शेवटी ती म्हणाली, "अहो वहिनी, मग माझं माहेर कशाला आहे?" मी आधी नको नको म्हटलं, मग हो म्हटलं. नको म्हणताना ते खोटं आहे हे तिलाही कळत असणार.

तिच्या भावाकडे फोन नव्हता. गावातल्या सोसायटीच्या ऑफिसात होता. तिने तिथे फोन करून निरोप ठेवला, की बोईसरची मंडळी सव्वीस तारखेला येतायत, आमच्या शेजारची, मुक्कामाला. मधल्या माणसाने त्यातलं 'बोईसरची मंडळी येतायत' एवढंच पोचवलं. आणि आम्हाला तिघांनाही माहीत नव्हतं की ही शेजारीण वर्षभर आपल्या भाचीसाठी बोईसरच्या कारखान्यांमध्ये मुलगा शोधत होती, आणि एक स्थळ जमत आलंय, मंडळी बघायला येतील, असं तिने भावाला दिवाळीतच कळवलं होतं.

पहाटेच्या एसटीने निघालो. मनोर, विक्रमगड करत जव्हारला गाडी चढली तेव्हा खिडकीच्या फटीतून येणारा वारा सुईसारखा टोचत होता. मोखाड्याला दहा-बारा माणसं बिऱ्हाडासकट चढली, पातेली, गोधड्या, कडेवर पोरं. तीही द्राक्षांच्या बागांवरच चालली होती, कामाला. मी पायाशी ठेवलेली चिकूची पेटी त्यांच्यासाठी सरकवून घेतली आणि पुन्हा बाहेर बघत बसले. मी फार खूश होते. शाल पांघरून नवऱ्याच्या शेजारी बसलेय, पुढे दोन दिवस काही काम नाही, हे मला अजून खरं वाटत नव्हतं.

नाशिकहून दुसरी गाडी करून गावात उतरलो तर स्टँडवर दोन माणसं आम्हाला घ्यायला उभी. बोईसरचे ना, म्हणून विचारलं आणि आमच्या हातातल्या पिशव्या काढून घेतल्या. घरी अंगणात सडा, दारात रांगोळी. पाय धुवायला गरम पाणी. ओसरीवर नवी चादर घातलेली गादी. दिराला मुद्दाम मधोमध बसवलं. आम्ही एकमेकांकडे बघितलं. हे हळूच म्हणाले की ह्या बाजूचे लोक पाहुणचाराला फार चांगले असं ऐकलं होतं, ते खरं आहे.

मला बायकांनी आत नेलं. आत सगळ्या ठेवणीतल्या साड्या नेसून. तो संक्रांतीनंतरचा हळदीकुंकवाचा मोसम, तेव्हा मला त्यात काही वावगं दिसलं नाही. मी योग्य दिवशी आले असंच वाटलं. शेजारणीच्या भावजयीने मला हळदीकुंकू लावलं, ओटी भरली. तिची मुलगी, बारावी झालेली, मोतिया रंगाची रेशमी साडी नेसून चुलीपाशी उभी होती आणि माझ्याकडे बघून न बघितल्यासारखं करत होती. मग मलाही ओसरीवर नेऊन बसवलं. पोहे आणि चहा तिनेच बाहेर आणला, आणि दिल्यावर ती आत जाईल असं मला वाटलं तर तिच्या काकूने तिला समोरच पाटावर बसायला सांगितलं. काकू मला म्हणाली, "विचारा ताई, काय विचारायचं ते."

आता वाटतं, एवढ्यावर तरी मला कळायला हवं होतं. पण मी जिथली, तिथे पाहुणीने घरातल्या मुलीची चौकशी करायची पद्धतच आहे. मी तिला नाव विचारलं, शिक्षण विचारलं. शिवण येतं का विचारलं, ती हो म्हणाली. पुढे शिकणार का विचारलं तर तिने वडिलांकडे बघितलं. मग ती मान खाली घालूनच मला म्हणाली, "बोईसर कसं आहे?"

परक्याच्या घरी आपल्या गावाचं वाईट कुणी सांगत नाही. मी भरभरून सांगितलं. क्वार्टर्सच्या नळाला दिवसभर पाणी, दारात जाईचा वेल, चिंचणीचा समुद्र जवळ, शिकलेल्या बायकांना कंपन्यांमध्ये नोकऱ्या मिळतात, मीसुद्धा बघणार आहे. संध्याकाळी वारा फिरला की गॅसचा वास येतो आणि दारं लावून बसावं लागतं, ते नाही सांगितलं. नाल्याला कधी लाल तर कधी निळं पाणी येतं तेही नाही. ती ऐकत होती आणि तिचा चेहरा हळूहळू मोकळा होत होता. मला ती मुलगी आवडली. मी उठून चिकूची पेटी तिच्यापुढे ठेवली. ओटीत आलेला खण तसाच परत देणं बरं दिसणार नाही, असं मनात येऊन मी आणलेला दुसरा, चांगला खण तिच्या हातात दिला, कुंकू लावलं आणि म्हटलं, "बोईसरला ये हं आमच्याकडे."

ती वाकून माझ्या पाया पडली. तिच्या आईने पदर डोळ्यांना लावला. ह्या बाजूला बायका फारच हळव्या असतात, असं मला वाटलं.

उलगडा झाला तो जेवणाआधी. पुरण शिजल्याचा वास घरभर होता. बाहेर मुलीचे वडील ह्यांच्याशी बोलत होते, तुमची शेती किती, घरात माणसं किती, आणि मग सोयरीक कुठे कुठे आहे. ह्यांनी सरळ मनाने आमच्या किनाऱ्यावरची चार गावं सांगितली. त्यातलं एकही गाव मुलीच्या वडिलांच्या ओळखीचं निघेना. मग त्यांनी आडनाव विचारलं. ते ऐकल्यावर आमची जातच वेगळी हे त्यांच्या ध्यानात आलं. मी आतून ऐकत होते. त्यांचा आवाज एकदम उतरला. त्यांनी विचारलं, "मग पाव्हणं, तुम्ही आमच्याकडं कशासाठी आलात?"

हे म्हणाले, "वाईनचा कारखाना बघायला."

वडिलांच्या गळ्यात वारकऱ्यांची तुळशीमाळ होती हे मी तेव्हा पहिल्यांदा लक्षात घेतलं. पुढचं सगळं दोन-चार वाक्यांतच झालं. ह्यांनी शेजारणीचं नाव सांगितलं, आम्ही नुसते शेजारी आहोत म्हणाले, दीर गादीवरून उठून अंगणात गेला तो बराच वेळ आत आलाच नाही. स्वयंपाकघरात काकू पुरणाचं पातेलं उतरवायचं विसरली होती. मुलीची आई माझ्याकडे बघेना. ती मुलगी मात्र दारात तशीच उभी राहिली, त्याच साडीत, हातात मी दिलेला खण. तिने आवाज चढवला नाही. "मग तुम्ही मला एवढं सगळं का विचारलंत?" एवढंच म्हणाली.

मी आजवर लोकांपुढे चुकले आहे, बोलणी खाल्ली आहेत, पण त्या दारातल्या मुलीपुढे जसं वाटलं तसं कधी वाटलं नाही. एका मुलीला सजवून परक्यांपुढे बसवावं लागतं ते आधीच किती जड. ते आम्ही फुकट करून घेतलं होतं. पोहे खाऊन, गादीवर बसून.

परतीची गाडी नव्हती आणि त्यांनी जाऊही दिलं नसतं. आम्हाला पुरणपोळीच वाढली. आग्रहही केला, पण तो करणं त्यांना किती जड जात होतं ते दिसत होतं. अंथरुणं नवी कोरी होती, पाहुण्यांसाठी काढलेली. त्यात झोप कसली येणार.

सकाळी वडील स्वतः आम्हाला बागेत घेऊन गेले. मांडवाखाली घड लोंबत होते, अजून आंबट, हिरवे. मजूर मंडळी काडक्या पेटवून शेकत बसली होती. ते आम्हाला फवारणी आणि छाटणीचं सांगत राहिले आणि हे उगाच विचारत राहिले. स्टँडवर सोडायला आले तेव्हा ह्यांनी हात जोडले. ते म्हणाले, "तुमची काही चूक नाही. निरोपाचा घोटाळा." ह्यापेक्षा ते चिडले असते तर बरं झालं असतं. वाईनचा तो कारखाना पुढच्याच रस्त्यावर होता. एसटीच्या खिडकीतून त्याची पाटी दिसली. उतरायचं का, असं ह्यांनी विचारलंही नाही.

घरी येऊन मी आधी शेजारणीकडे गेले. तिला बातमी पोचली होती. ती मला काही वाईट बोलली नाही, फक्त बसा म्हणाली नाही. पण क्वार्टर्समध्ये अशा गोष्टी राहतात कुठे. आठवड्याभरात नळावर, दुधाच्या रांगेत सगळीकडे तो किस्सा झाला. दिराला कारखान्यात 'काय नवरदेव' म्हणून हाक मारायला लागले. तो एकदाच मला म्हणाला की वहिनी, मुलगी चांगली होती, आणि पुन्हा त्याने तो विषय काढला नाही.

हसणं मी सोसलं असतं. पण तो किस्सा फिरत फिरत खऱ्या स्थळाच्या कानावर गेला. तो मुलगा कुंभवलीला राहायचा, औषधाच्या गोळ्यांच्या कंपनीत ऑपरेटर. त्याची आई म्हणाली, ज्या मुलीला दुसऱ्यांनी बघून खण दिला, कुंकू लावलं, ती आम्ही का करावी. शेजारीण तेव्हा माझ्याकडे आली. तुम्हीच जाऊन त्यांना सांगा, म्हणाली. तिला नाही म्हणायला मला तोंडच नव्हतं.

म्हणून मी कुंभवलीला गेले. कारखान्यांच्या भिंतीला लागून चाळ होती. एक खोली, मधे पडदा. दारात पाण्याचे ड्रम भरून ठेवलेले, कारण विहिरीचं पाणी पिवळं यायचं आणि टँकर एक दिवसाआड. वास असा की मी बोलताना मधेच थांबत होते. त्या बाईला त्याची सवय झालेली, ती निवांत तांदूळ निवडत होती. मी तिला सगळं पहिल्यापासून सांगितलं, आम्ही कसे गेलो, कसा गैरसमज झाला, मुलीचा काहीच दोष नाही, मुलगी गुणाची आहे, शिवण येतं, मोठ्यांना मान देते. मी हात जोडून सांगत होते आणि त्याच वेळी माझी नजर त्या ड्रमांवर जात होती. मला कळत होतं की मी त्या मुलीला जे बोईसर सांगितलं ते हे नव्हे. आणि आता मीच तिला इथे आणण्यासाठी रदबदली करतेय. न करावी तर तिचं स्थळ माझ्यामुळे मोडणार. मी केली. त्या बाईला पटलं.

वैशाखात लग्न झालं. आम्हाला पत्रिका होती. मी गेले नाही, अंगात कणकण आहे म्हणून सांगितलं.

ती कुंभवलीला राहायला आली त्याला काही महिने झाले तरी मी तिला भेटले नव्हते. बाजारात एकदा लांबून दिसली, वांगी घेत होती. मी मागे वळून दुसऱ्या गल्लीने आले. त्यानंतर मी त्या बाजूचा बाजारच सोडला, स्टेशनजवळून महाग भाजी आणायला लागले. ह्यांनी कारण विचारलं नाही. त्यांना ठाऊक असावं.

मग पावसाळा संपल्यावर एका दुपारी दार वाजलं. तीच होती. बारीक झाली होती, गळ्यात मंगळसूत्र, हातात कापडी पिशवी. आत्याकडे आले होते, म्हटलं तुम्हालाही भेटून जावं, असं म्हणाली. मी तिला बसवलं. चहा ठेवला. ती खोलीत सगळीकडे बघत होती, नळाकडे, दारातल्या वेलाकडे. उठून तिने नळ सोडून बघितला आणि बंद केला. तक्रार काहीच केली नाही. तिकडे पाण्याचं कसं करतेस, मी विचारलं. होतं आता सवयीने, म्हणाली. कंपनीत पॅकिंगला जाणार होते पण सासूबाई अजून नको म्हणतात, म्हणाली.

चहा पिताना ती सहज बोलल्यासारखं म्हणाली, "त्या दिवशी मी तुमच्या दिराकडे बघितलंच नव्हतं, ताई. मी तुम्हालाच बघत होते. अशी जाऊ असेल तर बरं होईल, म्हणून मी आईला हो म्हटलं होतं."

मी कपबशा उचलून मोरीत नेल्या आणि उगाच घासत बसले. बाहेर येईपर्यंत चेहरा आवरायचा होता. ती आपल्या पिशवीचे बंद बांधत होती. वाटलं होतं तिला सांगावं, की कुंभवलीला मीच जाऊन आले होते, तुझं घर मी तुझ्या आधी बघितलं होतं. नाही सांगितलं. तिला शिवणाची कामं मिळवून देईन असं काहीतरी बोलले, आणि खरंच दोन-चार बायकांकडून ब्लाउज मिळवून दिलेही. तेवढ्यापुरती ती येत राहिली. कपडे द्यायची, पैसे घ्यायची, घाईने जायची. कधी पुन्हा तसं काही बोलली नाही.

पुढे मला दिवस गेले, मुलगा झाला, आणि मी त्यात अडकले. तिच्या नवऱ्याची कंपनी बंद पडल्याचं मला शेजारणीकडून कळलं. तोवर शेजारीण पुन्हा बोलायला लागली होती, पण पूर्वीसारखं नाही. ती म्हणाली, ती दोघं नाशिकच्या बाजूला गेली, भावाने बागेत काम दिलंय जावयाला. कधी गेली, मी विचारलं. झाले की आठ-दहा दिवस, ती म्हणाली, तुम्हाला नव्हतं माहीत?

मी दुसऱ्या दिवशी मुलाला कडेवर घेऊन कुंभवलीला गेले. कशाला गेले ते आजही नीट सांगता येणार नाही. त्या खोलीत नवं बिऱ्हाड आलं होतं. दारात एक बाई पीठ मळत बसली होती. ड्रम तेच होते. तिने मान वर करून विचारलं, "किससे मिलना है?"

मी म्हटलं, किसी से नहीं, आणि मुलाचं टोपडं सारखं करत परत फिरले.